हॉर्न ऐकायला गेलेली बाई

भाजक्या फुटाण्यांचा वास आला की माझं मनगट अजून कुणीतरी आवळल्यासारखं वाटतं. धामणगावच्या फलाटाच्या पार टोकाला, ऊन कलताना मी एकटीच उभी होते. इंजिनांचे हॉर्न फोनवर टिपायचा मला नाद. न थांबणारी मालगाडी लांबून दिसली, तशी मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाज नीट कानात भरावा म्हणून नेहमीसारखे डोळे मिटले. पायाखालची फरशी थरथरू लागली, हॉर्न अंगावर आला आणि त्याच क्षणी मनगटाला हिसका बसून मी आदळले. समोर डब्यांची काळी भिंत धडधडत होती. वाटलं, आपण रुळांवरच पडलोय. गाडी गेली तेव्हा दिसलं, फुटाण्यांची टोपली सांडून एक म्हातारी मला घट्ट धरून बसली होती. "काहून जीव देऊन राहिली वो बाई?" माणसं जमली. "मी हॉर्न ऐकायला आलेय," मी फोन दाखवत म्हणाले. एकजण हसला, "असे शौक पोट्ट्याइचे असतेत. बाई कायले येईन?" कुणी म्हणालं, पोलिसाला बोलवा. म्हातारी मात्र हसली नाही, तिने हातही सोडला नाही. "माही सून बी इथंच उभी होती," ती हळूच म्हणाली, "मले वाटलं, गाडी पाहून राहिली." ते रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. हॉर्नच्या आडून म्हातारीची हाक ऐकू येते. ती जिवाच्या आकांताने कुणाचं तरी नाव घेतेय, आणि ते नाव माझं नाही.