दाजींच्या घराण्याचे दात

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, सोफे आणि खुर्च्यांची गादीकामं करतात. हात बरा आहे, ते मी नाकारत नाही. पण माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, आणि दाजींकडे मिरवण्यासारखे होते ते किडके दात.

"आमच्या घराण्यातच आहे," खुर्चीवर कापड ताणता ताणता ते गिऱ्हाइकांना सांगत. "आजोबांची बत्तिशी चाळिशीत गेली, वडिलांची त्याच्याही आधी. काही करा, उपयोग नाही!" आणि लोक पूर्वजांची तलवार दाखवतात तसा जबडा उघडून दाखवत. ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ते ओठांत धरत, कारण दातांत धरायला समोरासमोर दोन दात उरले नव्हते.

'काही करा' म्हणजे यांनी नेमकं काय केलं होतं? सकाळी बोटाने पेस्ट फिरवायची, चूळ भरायची, झालं. रात्री घासायचं नाव काढलं तर म्हणत, "रात्री कोण बघतंय दात?" दिवसभर गोडमिट्ट चहा आणि गालात लिमलेटची गोळी. नाचता येईना अंगण वाकडं. यांना घासता येईना, म्हणून रक्त वाकडं!

ताईला मूल झालं नाही. दोघांनी एक तान्ही मुलगी दत्तक घेतली. गुबगुबीत होती, म्हणून आम्ही तिला ढमी म्हणायला लागलो. दाजींनी तिच्यावर जीव लावला. पण तोही त्यांच्याच पद्धतीने, स्वतःला तोशीस न लावता. रडली की गोड दुधाची बाटली तोंडात. झोपवायची तर बाटली तोंडात ठेवूनच. घास गरम आहे का ते बघायला चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालायचे आणि तोच तिच्या. ताई काही बोलली, की "तुला माया कळत नाही."

ढमी तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या पुढच्या दातांवर हिरड्यांपाशी तपकिरी डाग पडले. मग एके दिवशी टोस्ट चावताना एक दात तुटलाच. पोर भोकाड पसरून रडत होती, ताई घाबरली होती, आणि दाजींच्या चेहऱ्यावर काय? आनंद!

"बघा, शेवटी आमच्याच घरची! दातच सांगतात."

मी तोंड उघडणार तोच ताईने माझा हात दाबला. या माणसाला इतकंही सुचू नये?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ढमीला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोर खुर्चीत बसायच्या आत दाजींनी आजोबांपासून सुरुवात केली.

"म्हणजे ही वडिलांवर गेली म्हणायची," बाई हातमोजे चढवत म्हणाल्या.

"हुबेहूब!"

"दत्तक आहे ती," ताई म्हणाली.

दाजी गडबडले. "हो, म्हणजे... पण वळण आमचंच ना!"

"वळणच," बाई म्हणाल्या, आणि पुढे ताईशीच बोलल्या. "काही घरांत दात नाजूक असतात, हे खोटं नाही. पण नाजूक वस्तू जास्त जपायची, की फुटणारच म्हणून आपटायची? आणि कीड काही रक्तातून येत नाही. तिचे जंतू मोठ्यांच्या लाळेतून, उष्ट्या चमच्यावरून मुलांकडे जातात. वर गोड मिळालं की पोसतात. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे तोंडात बाटली म्हणजे त्यांना रात्रभर पंगत."

तुटलेला दात काढावा लागला, बाकीचे बुजवले. घरी येताच ताईने बाटली केराच्या डब्यात टाकली. ढमीचा चमचा वेगळा झाला. गोड काय ते जेवणाबरोबर. झोपण्यापूर्वी ताई स्वतः तिचे दात घासायची. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टचं औषध दातांवर राहतं. त्यानंतर प्यायला फक्त पाणी. अधूनमधून नेऊन दातांवर औषधाचा लेपही लावून आणायची.

दाजी फुगून बसले. "डॉक्टरांना काय कळतं घराण्याचं!" एकदा पोरीला गुपचूप गोळी देताना सापडले. जन्मात आवाज न चढवलेली माझी बहीण म्हणाली, "ती तुमच्या गालात ठेवा. तिच्या तोंडात घातलीत तर दुकानातच झोपायला जा." दाजींनी गोळी मुकाट्याने स्वतःच्या तोंडात टाकली.

आता ढमी शाळेत जाते. पक्के दात आले, नव्या दाढांच्या खाचा बाईंनी कीड लागायच्या आधीच भरून दिल्या, आणि अजून एकालाही कीड नाही. दाजींना मात्र वरची कवळी बसली. खाली थोडे दात शिल्लक आहेत. गिऱ्हाइकांना सांगतात, "घराण्यातच दात कमजोर हो, पण पोरीचे मी जपले." मी! ताई आत बसून ऐकते आणि हसते. तिच्या सहनशक्तीपुढे मी हात टेकले.

हल्ली दाजीही रात्री दात घासतात म्हणे. सकाळी त्यांचा ब्रश ओला असतो, असं ताई कौतुकाने सांगते. नुसता नळाखाली धरला तरी ब्रश ओला होतो, हे मी तिला अजून बोललेली नाही.