खिडक्या पडलेली पोथी

माझी चौथी झाली आहे. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. काकांनी नसतं घेतलं. पण ते आता नाहीत.

दारात कोणीही आलं की काका म्हणायचे, "आधी हात." म्हणजे हात पुढे करून दाखवायचे, मळलेले असले तर मोरीत जाऊन धुवायचे. गॅसवाल्यालाही सुटका नव्हती. एकदा काकूंचे भाऊ पेढे घेऊन आले.

"भावोजी, पेढे तरी घ्या!"

"पेढ्यांचेच हात ना? आधी हात."

काकांचा जन्म मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याकडे कारकुनीत गेला. गुळाच्या बोटामागे मुंगी येते आणि मुंगी आली की कागद गेला, असं ते सांगत. कसबा पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी केर-फरशी करायचे. तिथल्या कपाटात त्यांची चित्रं असत. शेकडो वर्षांपूर्वी हातांनी लिहिलेल्या जैन पोथ्यांतून कोणी कोणी कापून काढलेली, पत्त्याएवढी. लाल रंगावर खरं सोनं, आणि माणसांचा एक डोळा चेहऱ्याच्या बाहेर आलेला. निवृत्त झाल्यावर मिळालेले पैसे त्यांनी त्यातच घातले होते.

काकू म्हणायच्या, "माझ्या गळ्यात काळे मणी आणि ह्यांच्या हत्तींना सोनं."

मला एक चित्र आवडायचं. पलंगावर एक बाई निजली आहे आणि तिच्या स्वप्नातले हत्ती, बैल, सिंह वर रांगेनं उभे आहेत. "महावीरांची आई," काका मला म्हणाले होते. "जागी करू नका हं, ताई." तेव्हापासून मी त्या कपाटापाशी केरसुणी हळू फिरवायचे.

"मी कापत नाही," हे त्यांचं नेहमीचं. "दुसऱ्यांनी कापलेलं सांभाळतो."

चित्रं आणणारा व्यापारी ठरलेला होता. एकदा तो लाल फडक्यात बांधून एक पोथीच घेऊन आला. काकांनी उघडली. पानापानावर काळी अक्षरं आणि मध्येच चौकोनी भोक, जशी खिडकी. काकांनी कपाटातून निजलेली आई काढली आणि एका भोकात ठेवली. कडेला केसाएवढीही फट राहिली नाही.

व्यापारी खूश झाला. "तुमच्यासाठीच कापली हो, काका. अख्खी पोथी तुम्हाला परवडली असती का? तुम्ही एकेक घेता म्हणून मीही एकेक काढत गेलो. उरलेली आहेत माझ्याकडे."

काकूंनी चहा आणला. व्यापाऱ्यानं बिस्कीट बुडवून खाल्लं आणि त्याच हातानं पान उलटलं. काकांनी बघितलं, पण "आधी हात" म्हणाले नाहीत. ते मला व्यापाऱ्याच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या भावाकडून पैसे उसने घेतले. पोथी घेतली, व्यापाऱ्याकडची उरलेली चित्रं घेतली आणि प्रत्येक चित्र आपापल्या खिडकीत ठेवलं. चिकटवलं मात्र नाही. "माझा काय हक्क?" म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही चित्र विकत घेतलं नाही. व्यापारी जिन्यातूनच म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरं कोणी घेईल!" काकांनी दार लावून घेतलं. मग दिवसभर ते खुर्चीत बसून राहायचे, पोथी मांडीवर. जेवायला उठवावं लागायचं.

दवाखान्यात त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "विकावी लागली तर सबंध विक. आईला बाहेर काढू नको."

काकूंनी खूप थांबून पाहिलं. ज्याला त्याला विचारलं. सबंध कोणालाच नको होती. भाऊ सुरुवातीला उसन्या पैशांचं नाव काढत नव्हते, मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

शेवटी एक गृहस्थ आले, चांगल्या कपड्यांतले, बोलायला गोड. "पोथीचं काय करू हो? मला भिंतीवर लावायची आहेत. नुसती चित्रं द्या, भाव चांगला देतो."

काकू बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी हात."

ते हसले, पण मोरीत गेले. मी टॉवेल दिला. ते एकेक चित्र चिमट्यानं उचलत गेले. निजलेली आई आली तेव्हा काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. भांडी मी मघाशीच घासली होती.

संध्याकाळी भाऊ आले. हात पुढे करून दारातच थांबले, सवयीनं. कोणी काही म्हटलं नाही तेव्हा खाली घेतले. काकूंनी पैशांचं पाकीट दिलं. मी हात धुऊन पोथी बांधायला घेतली. आईच्या खिडकीतून खालच्या पानाची खिडकी दिसत होती आणि तिच्यातून सतरंजीची निळी पट्टी.

"सगळे फिटले, ताई," भाऊ काकूंना म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन गाठ स्वतःच मारली.