विसळलेला पेला

सासूबाईंनी मी घासलेल्या भांड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच एकेक भांडं उचलून आत नेलं. मी मागच्या अंगणात नळाशी उभी. हात ओले. माझी पाळी सुरू होती.

असं पाणी पूर्वी कमलाने घासलेल्या भांड्यांवर पडायचं. कमला आमची कामवाली. तिची जात वेगळी, म्हणून तिच्या भांड्यांवर रोज. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही सोलापूरहून जयपूरला आलो, तेव्हापासून तिथल्या मानसरोवर भागातल्या घरात तीच होती. दोन हजार पाचच्या सुमाराला ती सीतापुऱ्याच्या कपड्यांच्या कारखान्यात लागली. जाताना म्हणाली, "वहाँ इतवार की छुट्टी मिलती है, भाभीजी."

दुसरी बाई टिकेना. नवरा म्हणाला, "थोडे दिवस शाळा सोड." मी गणित शिकवत होते. सोडली. थोडे दिवस काही संपले नाहीत.

कमला असताना त्या चार दिवसांत मी कशालाच शिवायचं नाही, असा दंडक होता. ती गेली आणि सोवळ्यालाही अक्कल आली. देव, ओटा, पिण्याचं पाणी बंद. भांडी, फरशी, संडास चालू. वा रे विटाळ!

सासूबाईंनी भांड्यांवर पाणी ओतलं त्याच दुपारी पाच वर्षांची लेक शाळेतून तहानलेली आली. मी पेला धुऊन तिच्या हातात दिला. तिने तो नळाखाली धरला, नीट विसळला आणि पाणी मागायला आजीकडे निघाली.

"तू धुतलेला चालत नाही ना, आई?"

रागाने नाही. सहज.

तोंडात पदर कोंबून मी रडले. नोकरी सुटली तेव्हाही इतकी रडले नव्हते. माझ्याच पोटची पोर माझ्या हाताचा विटाळ मानायला शिकली होती. भांडी ठेवून कमला मागे वळून का बघायची नाही, ते तेव्हा कळलं.

रात्रीची भांडी मी तशीच ठेवली.

"कोण घासणार ही?" नवऱ्याने विचारलं.

"ज्याचं ताट त्यानं. मी उद्या शाळेत जागा विचारायला जातेय."

"आणि तुझे चार दिवस?" सासूबाई म्हणाल्या.

"चारही दिवस ओट्याशी उभी राहीन. पाणी ओतायचं तर माझ्या अंगावर ओता."

दुसऱ्या दिवशी शाळेत जागा नव्हती. घरी आले, तर लेक पुन्हा पेला विसळत होती. मी तिचा हात धरला. दुसरी शाळा शोधणार होते, आणि तिची ही सवय मोडणार होते. घर मोडलं तरी.