पिशवीतली बाटली

परवा मुलीने नवा परफ्यूम लावला आणि त्या वासासरशी माझ्या तळहातांना घाम फुटला.

२००२ साल. अमेरिकेत ट्रॉयला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मॉलमधल्या मोठ्या दुकानात लोशनची बाटली मी सवयीने आपल्या कापडी पिशवीत टाकली; पैसे जाताना द्यायचेच होते. शेजारी एक कृष्णवर्णीय बाई हाच परफ्यूम हुंगत होती. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आमच्याच रोखाने येताना दिसला आणि पिशवीत काय आहे ते मला आठवलं. डोळ्यांपुढे आले: पोलीस, नवऱ्याचा व्हिसा, परतीचं विमान.

तो तिच्यापाशी थांबला. "मॅम, पर्स उघडा."

काउंटरवरची कृष्णवर्णीय मुलगी धावत आली. "अहो, या ॲक्ट्रेस आहेत. आमच्या घरी यांचा एकही सिनेमा कुणी चुकवत नाही."

तिने नावही सांगितलं; त्याने खांदे उडवले. त्या बाईने सराव असल्यासारखी पर्स उघडून दाखवली. तो गेल्यावर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "हनी, ती बाटली बाहेर काढ. हातात धर."

तिने सगळं पाहिलं होतं.

मागच्या वर्षी त्या ॲक्ट्रेसला मोठा पुरस्कार मिळाला. माझ्या ऑफिसातले गोरे सहकारी विचारत होते, इतकी वर्षं ही होती कुठे?

मी अजूनही दुकानात जाताना पिशवी गाडीत ठेवते. तिने काय ठेवायचं होतं गाडीत?