उरलेली अर्धी प्रार्थना

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, तेव्हा मी काय सोडायचं, काय करायचं याची यादी करून फ्रिजला लावते. यंदा मासळी, चहा आणि मालिका सोडायच्या, शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचं, असं लिहिलं. संध्याकाळी समोरच्या ओटीवर फिलूमावशी हातात माळ घेऊन एकट्याच रोझरी म्हणताना दिसल्या. रोझरीत अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली दुसऱ्याने. मावशी आपली अर्धी म्हणायच्या, थोडं थांबायच्या आणि मग उरलेलीही स्वतःच म्हणायच्या. त्यांच्या नवऱ्याला, आमच्या काकांना जाऊन वर्ष झालं, तरी त्यांच्यासाठी थांबायची सवय गेली नव्हती.

मी पायरीवर जाऊन बसले.

"काय गं, यंदा काय सोडलंस?"

"मासळी, चहा, मालिका."

"मालिका सोडून जगशील?" त्या हसल्या. "माझ्याकडे तर सोडायला काही उरलंच नाही बघ."

मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि उरलेली अर्धी मी म्हणू लागले. त्यांना सोबत म्हणून बसले होते. पण लेक सासरी गेल्यापासून एकटीच्या घरात मीही रोझरी मोठ्याने म्हटलेली नव्हती. शेवटचे मणी जवळ आले, तसं मला वाटू लागलं, मावशींनी आता जरा हळू म्हणावं.