उपऱ्यांचं मत: बेसिंगस्टोक ते एडिनबरा

बाबा पुण्याहून बेसिंगस्टोकला माझ्याकडे आले, तेव्हा फ्रिजवर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, मतदारयादीचा फॉर्म लावलेला होता. तिसरा. आधीचे दोन मी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. या वेळी ‘शेवटचं स्मरणपत्र’ असं लिहिलं होतं, मुदत सोमवारची. शुक्रवारी निघताना मी तो पर्समध्ये टाकला.

एडिनबरा ही बाबांची निवड. धरणांच्या कामावर त्यांच्या सतत बदल्या होत, म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. इतिहासाचा प्रश्न ठरलेला असे: कारणे लिहा. “तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचं स्मारक आहे,” ते म्हणाले. “बघू काय आठवतंय तुला.”

तुम्ही जाणार असाल तर तिकीट दीड महिना आधी काढा, निम्म्याहून स्वस्त पडतं. लंडनमध्ये वॉटर्लूहून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, किंग्ज क्रॉसला जायला तासभर ठेवा. मी अडीच तास ठेवले होते, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या फलाटावरच संपल्या. न्यूकॅसलनंतर उजवीकडची खिडकी धरा, समुद्र थेट रुळांपाशी येतो.

शनिवारी किल्ल्याची रांग टाळून आधी प्रिन्सेस स्ट्रीट गाठला. बागेच्या कडेला दगडांवर घोडेस्वाराचा पुतळा आहे, खाली नावं. शेजारच्या बाकावर एक आजी सँडविच खात होत्या. त्यांच्या आजोबांचा भाऊ त्या युद्धावर गेला होता. का गेला, असं मी विचारलं.

“शेतावर कंटाळला होता,” त्या म्हणाल्या. “आणि घोडा मिळणार होता.”

बाबा खूश. “हे आपल्या वहीत नव्हतं. आता तू सांग.”

मी सांगितलं: बोअरांच्या ट्रान्सवालमधलं सोनं, साम्राज्याची हाव, ब्रिटिशांचा फसलेला छापा, उपऱ्यांचा मताधिकार. सोन्यामागे आलेले उपरे, बहुतेक ब्रिटिश, कर भरत, पण मत हवं तर चौदा वर्षं राहा, अशी बोअर सरकारची अट. आमच्या माणसांवर अन्याय होतोय, असं ब्रिटन म्हणालं. तिथल्या हिंदी लोकांचे हालही कारणांत मोजले.

“आणि जिंकल्यावर?”

“हिंदी लोकांचे हाल संपले नाहीत.”

“मग यातलं खरं कारण कोणतं? एकच सांग.”

मी पुन्हा सोन्यापासून मोजायला लागले.

“लहानपणीही तू असंच करायचीस. मार्क जायला नकोत म्हणून सगळी कारणं लिहायची, आणि एक निवड म्हटलं की रडायचं.”

तेव्हा मी पर्समधून फॉर्म काढला. बाबांनी चष्मा बदलून शेवटपर्यंत वाचला.

“कॉमनवेल्थचे नागरिक चालतात, असं छापलंय.”

“हो, पण बाबा, मी वर्क व्हिसावर आहे. काही चुकलं तर? आणि दोनच वर्षं झालीत मला. मी कुठे इथे कायमची राहणार आहे?”

“बोअरही उपऱ्यांबद्दल हेच म्हणत होते,” बाबा म्हणाले. “इथले लोक तुला ये म्हणतायत, तर तूच स्वतःला अडवतेयस.”

आजींनी विचारलं, भांडण कशावरून? मी फॉर्म दाखवला. “भरून टाक, बाई,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा इथेच जन्मला, तो कधीच मत द्यायला जात नाही.”

किल्ला पाहिला, पण आता मला त्यातली फक्त वाऱ्याची झोड आठवते.

सोमवारी सकाळी घरी फॉर्म आधी पेन्सिलीने भरला, मग काळ्या शाईने. राष्ट्रीयत्व: भारतीय. सही केली आणि सवयीने खाली पाहिलं. कारण लिहायला रकाना नव्हता. बाबांनी चपला घातल्या आणि आम्ही दोघं कौन्सिलच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो.