फाटक न लावणारी वहिनी

झोंबीच्या गेममध्ये आमची वहिनी नेहमी एकाच जागी मरायची. पुलावरचं लोखंडी फाटक. हीरो धावत आत येतो, मागून झोंब्यांचा लोंढा, आणि आपण एक बटण दाबून फाटक लावायचं. एवढंच काम, शेंबडं पोरही करील. वहिनी बटणावर बोट ठेवून बसायची आणि दाबायची नाही. झोंबी आत घुसायचे, हीरोचा फडशा पाडायचे, स्क्रीन लाल व्हायची. मी कपाळावर हात मारून घ्यायची. "दाबलं काऊन नाही?" तर म्हणायची, "थांब ना. बाकीचे येऊन राहिले असतील."

बाकीचे म्हणजे कोण, ते सांगते. गेमच्या पहिल्या भागात हीरोबरोबर त्याची बायको होती, स्वयंपाक करणारी एक म्हातारी होती आणि एक लंगडा चौकीदार होता. शेवटी सगळे एका जीपमध्ये बसून शहराबाहेर पडतात. दुसऱ्या भागात हीरो एकटाच. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक ओळ येते, बाकीचे वाचले नाहीत, आणि लगेच बंदुकीचे धडे सुरू. वहिनीला ती ओळ कधी पचलीच नाही. "असे कसे वाचले नाहीत? माज्या हातानं जीपमंदी बसवले होते मी. एका ओळीत मारून टाकले, मेल्यायनं!"

पहिला भाग तिला माझ्या दादाने शिकवला होता. सालेकशाच्या बाजारपेठेत, घराला लागूनच, दादाचं कॉम्प्युटर सेंटर होतं. सातबारा, स्कॉलरशिपचे फॉर्म, झेरॉक्स. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं खेळत बसायचे. दरेकशाच्या डोंगरातून आलेली, मोहफुलं वेचत वाढलेली ही पोरगी, आणि झोंबी मारण्यात दादाला मागे टाकायची. आई म्हणायची, "सून आणली का पोट्टा आणला?" पण म्हणताना हसायची. ते दिवस चांगले होते. दुसरा भाग दादाने आणून ठेवला आणि तो उघडायच्या आधीच कावीळ अंगात भिनून दादा गेला.

तेरवी झाल्यावर सेंटर वहिनीने चालवायला घेतलं. फॉर्म भरायची, आधार जोडायची, म्हाताऱ्यांचे अंगठे पुसून पुन्हा उठवायची. दुपारी दुसरा भाग लावायची. मी कॉलेजातून आले की शेजारी बसायचे. तिथे मला कळलं की वहिनी गेम खेळतच नाही. ती गेम दुरुस्त करते. प्रत्येक प्रसंगात ती थांबायची आणि जे नाहीत ते असते तर काय झालं असतं, ते मला सांगायची.

हीरो डब्यातलं गार खातो, तिथे वहिनी वैतागायची. "बुढी असती तर आधी चूल पेटवली असती. धूर दिसला असता अन् लपून बसलेली माणसं जवळ आली असती. हा एकटा काऊन पडला मालूम आहे? चूल नाही म्हून." हीरो दारं लाथा मारून तोडायचा तेव्हा तर तिचा पाराच चढायचा. "चाब्या चौकीदाराच्या कमरेले होत्या. तो असता तर सारा गेम अर्ध्या घंट्यात संपला असता. मंग कंपनीनं विकला काय असता? म्हून मारला त्याले." हे खरंच होतं. मी गेम खेळणाऱ्या पोरांना विचारलं, चाव्यांचं कोणाच्या लक्षातच नव्हतं.

हीरोच्या बायकोविषयी मात्र ती कमी बोलायची. एकदाच म्हणाली होती. हीरो छतावर उभा राहून स्वतःशीच लांबलचक बडबडत होता आणि वहिनी डोकं टेबलावर टेकवून ऐकत होती. "ती असती तर याले एवढं एकट्यानं बोला लागलं नसतं," म्हणाली. मग पदराने स्क्रीन पुसली. स्क्रीनवर धूळ नव्हती.

मी तिला समजावून पाहिलं. "वहिनी, त्यांचा प्रोग्रॅमच नाही यात. जन्मभर थांबलीस तरी ते येणार नाहीत." "मालूम आहे मले," ती म्हणाली. "मालूम असलं म्हून मीच फाटक लावू का?" मग पुन्हा सुरुवातीपासून खेळायची आणि पुन्हा पुलावर मरायची.

घरातही तिचं तेच. थ्रेशर घ्यायचं निघालं तर म्हणाली, हे असते तर आधी आपलं जुनं दुरुस्त करून पाहिलं असतं. माझ्यासाठी स्थळ आलं तर म्हणाली, हे असते तर आधी सोनूले विचारलं असतं. बाबा ताटावरून उठले. "गेलेल्याचं नाव घेऊन घर चालत नाही," म्हणाले. त्या दिवसापासून ती बाबांना खुपायला लागली. घरात कोणी उलटं बोललेलं चालतं एक वेळ, पण मेलेल्या मुलाच्या तोंडून बोललेलं बापाला सोसत नाही.

मग बैठक बसली. घरापुढच्या छपरीत बाबा, काका आणि मामा. विषय वहिनीचा, आणि वहिनी भिंतीपलीकडे सेंटरमध्ये कोणाचा तरी फॉर्म भरत बसलेली. मामा म्हणाले, वय लहान आहे, माहेरी राहील, तिचंच भलं होईल. काका म्हणाले, सेंटर माझा मुलगा पाहील. दोन वाक्यांत झालं सगळं. मी दारातून ओरडले, "तिला बोलवा ना! तिचं आहे ना हे सगळं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चहा ठेव," म्हणाले. आईने माझा हात धरून मला आत ओढलं.

संध्याकाळी मामांनी तिला निर्णय सांगितला. भलं, भलं असं दहा वेळा म्हणाले असतील. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "हे ठरवलं तवा मी कुठं होती?" आणि उत्तरही तिनेच दिलं, "दुकानात होती ना मी. इथून हाक मारली तरी ऐकू येते." मग उठून तिने भात चढवला, सगळ्यांना वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला पॅसेंजरने घेऊन गेला. सालेकशाहून दरेकसा पुढचंच स्टेशन. एवढं अंतर, आणि आमच्या घरून माझ्याशिवाय एक माणूस कधी तिकडे फिरकला नाही. शाबास!

आमच्या घराचा दुसरा भाग मग तिच्याविना सुरू झाला. मला तिची सवय लागली होती, मीही दुरुस्त करत बसायचे. वहिनी असती तर तिने काकाच्या मुलाला कॉम्प्युटर विकू दिले नसते. वहिनी असती तर सेंटरमध्ये आज धानाची पोती रचलेली नसती. वहिनी असती तर सकाळी आईचा बोलताना ओठ वाकडा झालेला तिने बघितला असता, आणि दुपारपर्यंत सगळे ऊन लागलं असेल म्हणून बसून राहिले नसते. आईला लकवा झाला. डावं अंग गेलं. मी गोंदियात नोकरीला, शनिवार-रविवार येते. बाकीचे दिवस आई बाबांच्या हातात, आणि बाबांना पाण्याचा पेला भरून घ्यायची सवय नाही.

गेल्या रविवारी बाबा म्हणाले, "सुनेले फोन लाव. म्हणावं, घर तुझंच आहे." मला हसूच आलं. घर तिचं! आता झालं तिचं!

फोन लावला. बाबा समोर खुर्ची ओढून बसले. वहिनी दरेकशात लोकांचे फॉर्म मोबाईलवर भरून देते, तिच्याकडे तेव्हाही कोणीतरी बसलेलं होतं. आईचं तिला ठाऊक होतं. "दोन-दोन घंट्यानं कुशीवर वळवत जा, सोनू," ती म्हणाली. "नाहीतर पाठीले जखमा होतात. अन् डाव्या बाजूनं घास नको देऊ." मी बरं म्हटलं. बाबा हाताने खुणा करत होते, विचार, विचार.

मी म्हटलं, "वहिनी, गेमचा तिसरा भाग येऊन राहिला. खेळणाऱ्यांनी फार ओरड केली म्हणून कंपनीने म्हातारीला परत आणलं आहे. चौकीदारालाही."

पलीकडे तिने कोणाला तरी जरा थांबायला सांगितलं.

"बुढीले विचारलं का पण?" ती म्हणाली.

"काय?"

"वापस येते का म्हून."

उत्तराला ती थांबली नाही. "फॉर्मवाली बाई खोळंबली आहे," म्हणाली, "ठेवते. आईले वळवायचं विसरू नको." आणि तिने फोन बंद केला.

बाबा पुढे सरकले. "काय म्हणाली? येते का?"

मी आईला कुशीवर वळवत होते. वळवून झालं, पाठीला उशी लावली, आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "चहा ठेवा."